पृष्ठभागावरील विषाणू-परीक्षण

पृष्ठभागावरील विषाणू-परीक्षण : रुग्णालये, विलगीकरण केंद्रे, कारागृहे अशा ठिकाणी दारांच्या कड्या, खाटांचे कठडे, नळ, विजेची बटणे, उपकरणे यांवर विषाणूंचे अंश आहेत का, हे तपासण्याची पद्धत. माणसाच्या आजाराचे निदान हा तिचा हेतू नसतो. सफाई कितपत नीट झाली आणि संसर्ग कोणत्या वाटेने पसरू शकतो, हे तिच्यातून कळते.

पद्धत : विषाणू-वाहक द्रावणात भिजवलेला कृत्रिम धाग्याचा स्वॅब ठरावीक क्षेत्रावर उभा, आडवा व तिरपा फिरवतात. जंतुनाशकाचा उरलेला अंश निकाल बिघडवू शकतो. म्हणून तो निष्प्रभ करणारे द्रावण वापरतात. कुठेही न लावलेला एक स्वॅब तुलनेसाठी सोबत ठेवतात. नमुने २° ते ८° से. तापमानात प्रयोगशाळेत नेतात व आरटी-पीसीआरने तपासतात.

निकालाचा अर्थ : आरटी-पीसीआर विषाणूची जनुकीय सामग्री शोधते, विषाणू संसर्गक्षम आहे की नाही, हे ती सांगत नाही. ते ठरवण्यासाठी नमुना जिवंत पेशींमध्ये वाढवून पाहावा लागतो. करोना विषाणूसाठी हे काम उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करतात. २०२० मधील प्रयोगांत हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत संसर्गक्षम आढळला. पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर व तांब्यावर ४ तासांनंतर तो तसा आढळला नाही. पुढे हवेतून होणारा प्रसार अधिक महत्त्वाचा ठरला. दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून करोना होण्याची शक्यता सामान्यतः १०,००० मध्ये एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. मात्र हा निष्कर्ष सर्व विषाणूंना लागू नाही. जुलाब-उलट्या घडवणारा नोरोव्हायरस पृष्ठभागांवरून सहज पसरतो, तर ‘ब’ काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो.

पुणे व येरवडा : या परीक्षणाची गरज पुण्याच्या उदाहरणातून दिसते. विषाणू संशोधनातील देशातील प्रमुख संस्था पुण्यात आहे. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. पुण्यातील पहिले करोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आढळले. शहरातील येरवडा भागात १८७१ मध्ये उभारलेले मध्यवर्ती कारागृह, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि महानगरपालिकेचे राजीव गांधी रुग्णालय आहे. करोनाकाळात नव्या बंद्यांना वेगळे ठेवण्यासाठी येथील एका वसतिगृहात तात्पुरते कारागृह उघडण्यात आले. अशा ठिकाणी अनेकांचे हात एकाच नळाला, एकाच कडीला लागतात आणि तेथे राहणाऱ्यांना जागा बदलण्याची मुभा नसते. म्हणून त्यांच्या भोवतालची स्वच्छता राखणे व ती तपासणे, ही ते ठिकाण चालवणाऱ्या संस्थेचीच जबाबदारी ठरते.

निर्जंतुकीकरण व उपयोग : केंद्र शासनाच्या २०२० च्या सूचनांत पृष्ठभागांसाठी १% सोडियम हायपोक्लोराइट व धातूच्या वस्तूंसाठी ७०% अल्कोहोल सुचवले होते. मळ क्लोरीनची शक्ती खातो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुणे आवश्यक असते. सफाईपूर्वी व सफाईनंतर त्याच जागेचे नमुने घेतल्यास उणिवा उघड होतात. नमुना दूषित आढळल्यास दोष सफाई कामगाराच्या माथी मारण्यापूर्वी द्रावणाची तीव्रता, ते पृष्ठभागावर राहू दिलेला वेळ आणि पुरेसे मनुष्यबळ यांची तपासणी व्हायला हवी. परीक्षणाचे खरे मोल या दुरुस्तीत आहे.