बाल्थाझारचा तारा की कडा?

दक्षिण फ्रान्समध्ये, 'आल्पिय' नावाच्या डोंगररांगेतल्या एका कड्यावर 'ले बो द प्रोव्हान्स' नावाचं गाव आहे. वस्ती चारशेच्या आत. ऍल्युमिनियमच्या खनिजाचं 'बॉक्साइट' हे नाव या 'बो'वरून आलेलं. राधानगरीच्या सड्यावरून निघणारा लाल दगड एका फ्रेंच खेड्याचं नाव लावतो, हे कळल्यापासून मी त्या नावाच्या मुळाशी जायला धडपडतो आहे.

बोचे मध्ययुगीन सरदार आपलं कूळ थेट बाल्थाझारपर्यंत नेत. ताऱ्याच्या मागोमाग बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन ज्ञानी राजांपैकी हा एक. सरदारांच्या लाल ढालीवर सोळा किरणांचा रुपेरी तारा असे, घोषवाक्यातही बाल्थाझारच. लॅटिन कागदपत्रांत घराण्याचं नाव 'दे बाल्सिओ' असं येतं. त्यातला 'बाल' बाल्थाझारचाच, असं कोणी म्हटलं तर ते कानाला पटतंही.

मला मात्र ते मान्य नाही. प्रोव्हान्सच्या बोलीत 'बाउ' म्हणजे कडा, सुळका. नीसजवळच्या सें-जाने गावावरच्या सुळक्यालाही 'बाउ'च म्हणतात, आणि तिथे बाल्थाझारचा वंश कोणी सांगत नाही. राहिला तो 'बाल्सिओ'तला 'ल'. त्याचा 'उ' होणं ही त्या बोलीची जुनीच खोड. म्हणजे आधी कडा, कड्यावरून गाव, गावावरून आडनाव. पूर्वज सगळ्यात शेवटी. माझा तर्क असा, की 'बाल' या ध्वनीनं राजा सुचवला आणि राजानं ढालीवर तारा आणला.

१४२६ मध्ये घराण्याची शेवटची वारस ऍलिक्स वारली. १६३२ मध्ये फ्रान्सचा मंत्री कार्डिनल रिशलिए यानं गावातला किल्ला पाडायला लावला. घराणं गेलं, किल्ला गेला; दगड तेवढा उरला.

१८२१ मध्ये खाण-अभियंता पिएर बेर्तिए यांनी इथला तांबडा दगड तपासला. लोहखनिजासारख्या दिसणाऱ्या त्या दगडात निम्म्याहून अधिक ऍल्युमिना निघालं. बोचा हा दगड चुनखडीवर साचलेला; राधानगरीचा बेसाल्ट झिजून जांभ्याबरोबर घडलेला. जन्म वेगळा, नाव एकच.

पण त्या नावातही एक अक्षर घुसलं होतं. १८४०च्या दशकात खनिजशास्त्रज्ञ द्युफ्रेनुआ यांनी ते लिहिताना 'बी'नंतर एक 'ई' घातला. फ्रेंचमध्ये 'सुंदर' या अर्थाचा 'बो' तसाच लिहितात. माझ्या मते त्यांचा हात सवयीनं तिकडे वळला. १८६१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सेंत-क्लेर देव्हिल यांनी तो 'ई' काढून टाकला, आणि गावाचं स्वतःचं स्पेलिंग खनिजाला मिळालं.