शिक्षक संपकाळातील शालेय व्यवस्था (महाराष्ट्र)

शिक्षक संपकाळातील शालेय व्यवस्था म्हणजे शिक्षकांनी संप पुकारला असता, किंवा तो होण्याची शक्यता असता, विद्यार्थी व पालक यांच्यासाठी शिक्षण विभाग, जिल्हा परिषद, शाळा आणि गाव यांनी करावयाची पूर्वतयारी होय. पालकांना वेळेवर सूचना देणे, लहान मुलांची सुरक्षितता, शालेय पोषण आहार, मंडळाच्या परीक्षा आणि बुडालेल्या अध्यापनाची भरपाई ही तिची मुख्य अंगे आहेत. राज्यात या विषयाची अलीकडील सर्वांत मोठी कसोटी १४ ते २० मार्च २०२३ या काळातील जुनी पेन्शन संपात लागली. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे विवेचन मुख्यतः त्या संपाच्या आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यासारख्या ग्रामीण भागाच्या संदर्भात केले आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शिक्षकांचे संप बहुधा राज्य सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाचा भाग म्हणून झाले आहेत. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली झालेला कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. ७ ते ९ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांच्या संपात सातव्या वेतन आयोगाची अंमलबजावणी ही प्रमुख मागणी होती.

२०२३ च्या संपाचे मूळ निवृत्तिवेतनाच्या प्रश्नात होते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना राज्य शासनाने जुन्या निवृत्तिवेतन योजनेऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू केली होती. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तीवरील महागाई भत्ता यांची हमी असे. नव्या योजनेत निवृत्तीनंतरची रक्कम जमा अंशदानावर आणि गुंतवणुकीच्या परताव्यावर अवलंबून राहते. जिल्हा परिषद शाळांतील व अनुदानित शाळांतील तरुण शिक्षकांचा मोठा वर्ग या बदलाच्या कक्षेत आला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्यातून रूढ झाली.

मार्च २०२३ चा संप

सरकारी, निमसरकारी, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीने १४ मार्च २०२३ पासून बेमुदत संप पुकारला. संपात सुमारे १७ लाख कर्मचारी सहभागी असल्याचा दावा संघटनांनी केला. अनेक जिल्हा परिषद शाळांतील व अनुदानित विद्यालयांतील अध्यापन थांबले. शिक्षकेतर कर्मचारीही संपात असल्याने काही ठिकाणी शाळा उघडणे, घंटा देणे, कार्यालय सांभाळणे ही नित्याची कामेही खोळंबली.

संपाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. सामान्य नागरिकांना त्रास होऊ नये यासाठी शासन कोणती पावले उचलत आहे, अशी विचारणा न्यायालयाने केली. शासनाने सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. २० मार्च रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा झाल्यावर समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर यांनी संप मागे घेत असल्याचे जाहीर केले. २२ मार्चला गुढीपाडवा होता; त्यामुळे शाळांचे कामकाज पूर्ववत होण्यास आणखी एक सुटी आड आली.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीनुसार निवड होऊन नंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना जुनी योजना स्वीकारण्याचा एकवेळचा पर्याय शासनाने दिला.

कायदेशीर चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास आवश्यक आहेत. नियमित व वेळेवर उपस्थित राहणे हे शिक्षकाचे कर्तव्य असल्याचे हा कायदा सांगतो. मात्र संपाची आगाऊ सूचना पालकांना किती दिवस आधी व कोणी द्यावी, याविषयीची तरतूद त्यात नाही.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये लोकोपयोगी सेवांतील संपासाठी पूर्वसूचना बंधनकारक होती. परंतु शिक्षक हे त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ए. सुंदरंबळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन (१९८८) या खटल्यात दिला. टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू शासन (२००३) या खटल्यात, शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. राज्य कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतही संपात सहभागी होण्यास मनाई आहे. संपाच्या वेळी शासन ‘काम नाही, वेतन नाही’ या तत्त्वाची आठवण करून देणारी परिपत्रके काढते.

परिणामी संपाची नोटीस संघटना शासनाला देतात आणि परिपत्रक शासन कर्मचाऱ्यांना काढते. पालकांपर्यंत जाणारी सूचना यांतील कोणत्याही कागदाचा अनिवार्य भाग नसते. ती मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गाव यांच्या तत्परतेवर अवलंबून राहते.

तालुका पातळीवरील रचना

अहमदपूर हे लातूर–नांदेड मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. इतर तालुक्यांप्रमाणेच येथील जिल्हा परिषद शाळांचे प्रशासन पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत चालते. त्यांच्या हाताखाली शिक्षण विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख असतात. वरच्या बाजूस जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. संपकाळात कोणत्या शाळेत किती शिक्षक हजर आहेत, याची माहिती केंद्रप्रमुखांकडून तालुक्याला व तेथून जिल्ह्याला जाते.

गावपातळीवर महत्त्वाची संस्था म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार हिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. संपाची शक्यता दिसताच समितीची बैठक घेऊन पालकांना कळवणे, शाळेच्या व कोठीच्या किल्ल्या कोणाकडे राहतील हे ठरवणे आणि धान्यसाठा नोंदवून ठेवणे ही कामे या समितीमार्फत होऊ शकतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पर्यंत पटसंख्येच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. वाड्या-तांड्यांवरील अशा द्विशिक्षकी शाळांत दोघेही संपात गेल्यास शाळा पूर्ण बंद पडते. एक हजर राहिल्यास सर्व वर्ग त्याच्याकडे येतात. मोठ्या शाळेप्रमाणे वर्ग एकत्र करून दिवस निभावण्याची सोय तेथे नसते.

पालकांसाठी पूर्वतयारी

सूचना

ग्रामीण भागात पालकांना कळवण्याचे मार्ग म्हणजे शाळेचा फळा, ग्रामपंचायतीचा सूचना फलक, दवंडी किंवा ध्वनिक्षेपक आणि शाळेचे व्हॉट्सॲप गट. ज्या घरात स्मार्टफोन दिवसभर शेतावर वा कामावर जातो, तेथे लेखी चिठ्ठी मुलाच्या वहीत देणे किंवा परिपाठाच्या वेळी मुलांनाच स्पष्ट सांगणे अधिक भरवशाचे ठरते. उपयुक्त सूचनेत चार गोष्टी असाव्या लागतात : शाळा कोणत्या तारखेपासून बंद राहण्याची शक्यता आहे, आहार मिळणार की नाही, परीक्षा ठरल्याप्रमाणे होणार का, आणि शंका असल्यास कोणाला विचारावे.

प्रवास

माध्यमिक शिक्षणासाठी आसपासच्या गावांतील विद्यार्थी एस.टी.ने तालुक्याच्या गावी येतात. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. शाळा बंद असल्याची सूचना सकाळची गाडी सुटण्यापूर्वी न पोहोचल्यास विद्यार्थ्यांना परतीच्या गाडीपर्यंत बसस्थानकावर थांबावे लागते. म्हणून माध्यमिक शाळांसाठी आदल्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी दिलेली सूचना आवश्यक मानली जाते.

स्थलांतरित कुटुंबे

बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील अहमदपूर, जळकोट आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च असा असतो. २०२३ चा संपही याच हंगामाच्या अखेरीस आला. या काळात मुले आजी-आजोबांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत राहतात. शाळा बंद झाली की या मुलांवर दिवसा लक्ष ठेवणारे दुसरे माणूस घरी नसते. ज्या घरांत पालक उपस्थित नाहीत त्यांची यादी शाळेने आधीच तयार ठेवणे आणि सूचना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना प्रत्यक्ष देणे हा पूर्वतयारीचा महत्त्वाचा भाग ठरतो.

शालेय पोषण आहार

संपाचा सर्वांत तत्काळ परिणाम दुपारच्या जेवणावर होतो. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार अपेक्षित आहे.

आहार शिजवणारे स्वयंपाकी व मदतनीस मानधनावर काम करतात. ते शिक्षकांच्या संपाचे घटक नसतात. तरीही शिक्षक नसताना चूल पेटत नाही, याची कारणे व्यवस्थेतच आहेत. तांदूळ व इतर साहित्याचा साठा मुख्याध्यापकांच्या ताब्यात असतो, दैनंदिन उपस्थितीची व लाभार्थ्यांची नोंद शाळेने करावयाची असते, आणि मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह प्रौढ व्यक्तींनी अन्न चाखून पाहावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

मध्यान्ह भोजन नियम, २०१५ मध्ये यासाठी तरतूद आहे. धान्य, इंधन वा स्वयंपाकी यांचा अभाव किंवा अन्य कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी आहार न मिळाल्यास, राज्य शासनाने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत विद्यार्थ्याला अन्न सुरक्षा भत्ता द्यावयाचा असतो. त्यात देय धान्य आणि स्वयंपाकाचा प्रचलित खर्च यांचा समावेश होतो. लागोपाठ तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार न मिळाल्यास जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही शासनाने करावी, असेही नियम सांगतो. हा भत्ता मागण्याचा आधार म्हणजे शाळेची नोंदवही. म्हणून आहार न शिजलेल्या दिवसांची नोंद व्यवस्थापन समितीने करून ठेवणे पालकांच्या हिताचे असते. कोविड-१९ साथीच्या काळात शाळा बंद असताना कोरडा शिधा वाटला गेला होता. तीच पद्धत दीर्घ संपातही वापरता येण्यासारखी आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा आहार अंगणवाडीतून येतो आणि ती व्यवस्था महिला व बालविकास विभागाकडे असते. त्यामुळे शिक्षकांच्या संपात अंगणवाडी सुरू राहू शकते. उलट अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप २५ जानेवारी २०२४ पर्यंत चालला, त्या वेळी शाळा मात्र सुरू होत्या.

मंडळाच्या परीक्षा

२०२३ चा संप बारावी (२१ फेब्रुवारी ते २१ मार्च) आणि दहावी (२ ते २५ मार्च) या दोन्ही परीक्षांच्या मध्यात आला. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर, नांदेड व धाराशिव हे तीन जिल्हे येतात. परीक्षेसाठी केंद्रसंचालक, पर्यवेक्षक, परिरक्षक आणि प्रश्नपत्रिकांची ने-आण करणारे कर्मचारी लागतात. यांतील बहुतेक शिक्षक असतात. तरीही परीक्षा वेळापत्रकानुसार पार पडल्या.

ताण आला तो उत्तरपत्रिका तपासणीवर. बारावीच्या तपासणीवर कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या महासंघाने आधीच बहिष्कार टाकला होता. शिक्षणमंत्र्यांशी चर्चा होऊन तो २ मार्च रोजी मागे घेतला गेला, तोच १४ मार्चचा संप सुरू झाला. अखेर बारावीचा निकाल २५ मे रोजी (९१.२५ टक्के) आणि दहावीचा २ जून रोजी (९३.८३ टक्के) लागला. अशा वेळी विद्यार्थ्यांनी अफवांवर विश्वास न ठेवता प्रवेशपत्रावरील वेळेनुसार केंद्रावर हजर राहणे अत्यावश्यक असते; वर्ग बंद असणे म्हणजे परीक्षा पुढे ढकलली जाणे नव्हे.

बुडालेल्या अध्यापनाची भरपाई

१४ ते २० मार्च या काळात रविवार वगळता सहा शालेय दिवस येतात. वर्षाचे किमान दिवस व तास पूर्ण करण्यासाठी सुटीच्या दिवशी शाळा भरवणे किंवा जादा तासिका घेणे हे नेहमीचे उपाय आहेत. संपकाळात घरी अभ्यासासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातील सामग्री व दीक्षा ॲप यांचा आधार घेता येतो. मात्र ज्या घरी मोबाइल वा जोडणी नाही तेथे पाठ्यपुस्तक व वही हेच साधन उरते. वाचायला न आलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांना स्वयंअध्ययनाचा उपयोग मर्यादित असतो, त्यामुळे भरपाईत या वर्गांना प्राधान्य द्यावे लागते.

मतमतांतरे

संघटनांच्या मते, चर्चेचे मार्ग खुंटल्यावरच संपाचा निर्णय होतो आणि निवृत्तीनंतरची असुरक्षितता हा शिक्षणाच्या गुणवत्तेशी निगडित प्रश्न आहे. संपाच्या टीकाकारांचा आक्षेप वेळेवर असतो : परीक्षेच्या महिन्यात संप केल्याने त्याची झळ शासनापेक्षा सरकारी व अनुदानित शाळांवर अवलंबून असलेल्या गरीब कुटुंबांना बसते, कारण शिकवणीची सोय असणाऱ्या कुटुंबांची मुले तेवढी मागे पडत नाहीत.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शिक्षक संघटनेला संपापूर्वी किमान १० दिवसांची, तर कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ५ दिवसांची सूचना द्यावी लागते. या मुदतीत शाळा प्रशासन पालकांना मुलांची देखभाल व जेवण यांविषयी कळवते. शिकागो येथे १७ ते ३१ ऑक्टोबर २०१९ या काळातील संपात वर्ग बंद होते, पण शाळांच्या इमारती उघड्या ठेवून मुलांना जेवण देण्यात आले. महाराष्ट्रातील व्यवस्थेशी तुलना करता मुख्य फरक सूचनेच्या बंधनात आहे. संपाची कारणे मात्र तेथेही वेतन, वर्गातील विद्यार्थिसंख्या व सेवाशर्ती हीच असतात.

२०२३ नंतरची आंदोलने

२५ सप्टेंबर २०२४ रोजी संचमान्यतेचे निकष आणि कमी पटाच्या शाळांतील कंत्राटी नेमणुका यांविरोधात शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे काढले. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य ठरल्यानंतर ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यात ‘शाळा बंद’ आंदोलन झाले. एका दिवसाच्या अशा आंदोलनात अध्यापनाची हानी कमी असली, तरी आदल्या दिवशीची सूचना आणि त्या दिवशीचे जेवण हे दोन प्रश्न तसेच उभे राहतात.

हेसुद्धा पाहा

शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
शाळा व्यवस्थापन समिती
प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
अहमदपूर तालुका