गुडघे टेकवणारं क्रियापद

थंडी सोसायची तयारी ठेवा. १६०४ चा जानेवारी आहे. तुम्ही थेम्सकाठच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात उभे आहात आणि तुम्हाला आमंत्रण कुणीही दिलेलं नाही. ही सभा खरं तर नोव्हेंबरातच व्हायची होती, पण प्लेगमुळे लांबली. खुर्चीत पहिला जेम्स बसला आहे. वय सदतीस, स्कॉटलंडच्या या राजाला इंग्लंडची गादी मिळून अजून वर्षही झालेलं नाही. एका बाजूला बिशप मंडळी आहेत. त्यांच्यासमोर चारच माणसं, तीही पाळकाच्या नेहमीच्या वेशात नाहीत. तुर्कस्तानशी व्यापार करणारे घालतात तसले झगे घालून आली आहेत. लंडनचा बिशप बॅनक्रॉफ्ट त्यावरूनही एक टोमणा मारून घेतो.

हे चौघे प्युरिटन, म्हणजे इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध करू पाहणारे. त्यांच्या तक्रारी ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर क्रूस काढायचा की नाही, पाळकानं सरप्लिस हा पांढरा झगा घालायचा की नाही, लग्नात अंगठी हवी की नको. शिवाय प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यायचं का, हा त्यांच्या पंथातला जुना वाद आहेच. गंधाच्या आकारावरून ज्यांच्या देशात भाऊबंदांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांनी तरी हसू नये.

सभा उठते. राजा जाता जाता बजावतो की हे लोक असेच राहणार असतील तर मी त्यांना ‘कन्फॉर्म’ करायला लावीन, नाहीतर देशातून पिटाळून लावीन. आता जरा थांबा आणि राजाच्या इंग्रजीकडे कान द्या. त्याच्या वाक्यात हे क्रियापद एकटं आलेलं नाही. यांनी कन्फॉर्म करायचं आहे ते स्वतःला, आणि ते करायला लावणारा आहे राजा. लॅटिनमधल्या ‘आकार’ या शब्दावरून आलेलं हे क्रियापद मुळात सकर्मक. कुणीतरी कशाला तरी आकार देतो, दुसऱ्या एका वस्तूसारखा. करणारा कोण, करविता कोण, सगळं वाक्यात उघड दिसतं.

त्याच सभेत चौघांपैकी जॉन रेनॉल्ड्सनं आणखी एक गोष्ट मागितली आहे: बायबलचं नवं भाषांतर. बॅनक्रॉफ्ट कुरकुरतो, प्रत्येकाची लहर सांभाळत बसलो तर भाषांतरांना अंतच राहायचा नाही. राजाला मात्र कल्पना आवडते. प्युरिटनांच्या पदरात पडलेलं हेच काय ते मोठं दान.

सात वर्षं पुढे या. १६११, लंडनमधला रॉबर्ट बार्करचा छापखाना. नव्या बायबलाची जाडजूड प्रत उघडा आणि पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय काढा. सुरुवातीलाच तो बजावतो की या जगाच्या आकाराचे होऊ नका. इंग्रजीत तिथे कोणतं क्रियापद आहे? तेच. चौदाव्या शतकात बायबल इंग्रजीत आणताना विक्लिफच्या मंडळींनी तिथे हेच वापरलं होतं. १५२६ मध्ये टिंडेलनं आपल्या भाषांतरात ते काढून टाकलं आणि स्वतःला घडवण्याबद्दलचं एक साधं, रोजच्या बोलण्यातलं क्रियापद घातलं. प्युरिटनांच्या लाडक्या जिनिव्हा बायबलानंही टिंडेलचीच वाट धरली. आणि आता राजाच्या आज्ञेनं झालेल्या भाषांतरात ‘कन्फॉर्म’ परत आलं, तेही नकारासकट! भाषांतरकारांनी हे खोडसाळपणानं केलं असं मला वाटत नाही. १५८२ च्या कॅथलिक ऱ्हीम्स भाषांतरातही हाच शब्द आहे. पण ज्यांना राजानं कन्फॉर्म करायला लावायचं ठरवलं, त्यांच्या हाती राजाच्याच ग्रंथानं आयतं उत्तर दिलं.

आता पहाटे उठावं लागेल. १७ ऑगस्ट १६६२, रविवार, लंडनची फ्लीट स्ट्रीट. अजून सात वाजलेले नाहीत, सेंट डनस्टन चर्चची दारं बंद आहेत. तुमच्याआधी आलेला एक माणूस कंटाळून जवळच्या टेंपल बागेत फेऱ्या मारायला निघाला आहे. नौदलाच्या कचेरीतला सॅम्युअल पीप्स तो. रोजनिशी लिहितो, पण कुणाला दाखवत नाही. त्याच्या मागे राहा. आठ वाजता तो मागच्या दारानं गर्दीतून आत घुसतो. पुढची दारं उघडण्याआधीच चर्च निम्मं भरलं आहे. त्याला सज्जात, उपदेशपीठाजवळ जागा मिळते. तुम्हीही दाटीवाटीनं बसा.

मधल्या काळात एका राजाचं डोकं उडालं, प्रजासत्ताक आलं, गेलं, आणि दुसरा चार्ल्स गादीवर बसला. यंदाच्या मे महिन्यात एकरूपतेचा कायदा मंजूर झाला आहे. प्रत्येक पाळकानं नव्या प्रार्थनापुस्तकातल्या सगळ्या मजकुराला मनापासून संमती आहे असं लोकांसमोर जाहीर करायचं. बिशपच्या हातून दीक्षा झाली नसेल तर ती घ्यायची. मुदत २४ ऑगस्ट. कित्येक गावांत ते पुस्तक अजून पोचलेलंही नाही. न वाचलेल्या पुस्तकाला मनापासून संमती द्यायची! शाळामास्तर आणि विद्यापीठातले फेलोसुद्धा या जाळ्यातून सुटलेले नाहीत.

पीठावर डॉ. विल्यम बेट्स चढतात. हा त्यांच्या निरोपाचा दिवस. लोक वाट बघतायत की आता ते सरकारवर तुटून पडतील. तसं काही होत नाही. उपदेश शांतीच्या देवाविषयी आहे. शेवटी एवढंच सांगतात की आपण मागे हटतोय ते गटबाजीपायी किंवा हट्टापायी नाही. पुष्कळ प्रार्थना आणि अभ्यास करूनही मनातलं काहीतरी पटत नाही, म्हणून. सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत पटणारं बोलणं हेच.

पुढच्या रविवारी, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी, मुदत संपते. नव्वद वर्षांपूर्वी याच सणाच्या दिवशी पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली होती, हे कुणी विसरलेलं नाही. शिवाय पाळकांचं वर्षाचं उत्पन्न हाती यायला अजून महिनाभर आहे. म्हणजे नोकरी गेलीच, केलेल्या कामाचे पैसेही बुडाले. १६६० पासून या दिवसापर्यंत मिळून सुमारे २,००० पाळक आणि शिक्षक बाहेर पडले. त्यांना ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ म्हणू लागले. पुढचे कायदे त्यांचा पाठलाग करतात. १६६४ चा कायदा म्हणतो, घरच्यांखेरीज पाचाहून जास्त माणसं चर्चबाहेरच्या उपासनेला जमली तर शिक्षा. १६६५ चा म्हणतो, पाळकानं आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत फिरकायचं नाही.

बाहेर रस्त्यावर लोक काय विचारतायत ऐका. अमक्यानं कन्फॉर्म केलं का? तमका करील का? ‘स्वतःला’ गळून गेलं. ‘करायला लावणारा’ही गेला. क्रियापद अकर्मक झालं. वाकवणं, मग स्वतःला वाकवणं, मग नुसतं वाकणं. या प्रवासात ज्याच्या हातात दांडकं होतं तोच वाक्यातून नाहीसा झाला. जणू सगळे आपण होऊनच वाकत होते! म्हणूनच आज कुणाविषयी ‘तो कन्फॉर्मिस्ट आहे’ असं म्हटलं की दोष त्या माणसाच्या स्वभावाला लागतो. साचा कुणी केला हे कुणी विचारत नाही.

१६९७ मध्ये एक डोकावणी पुरे. लंडनचे लॉर्ड मेयर सर हम्फ्री एडविन झगा घालून, पुढे मानाची तलवार घेऊन डिसेंटरांच्या, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या लोकांच्या, प्रार्थनेला निघाले आहेत. पण पद मिळवायला कायद्याप्रमाणे त्यांनी सरकारी चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलंच होतं. याला ‘प्रासंगिक कन्फॉर्मिटी’ म्हणत. लेखक डॅनियल डेफो स्वतः डिसेंटर, तरी त्यानं या दुटप्पीपणाला झोडपलं. चर्चवाले चिडले ते वेगळ्या कारणानं: माणूस वाकतोही आणि वाकतही नाही. १७११ मध्ये त्यांनी याविरुद्ध कायदा केला. तो आठ वर्षांत रद्द झाला. प्रभुभोजनाची मूळ अट मात्र १८२८ पर्यंत टिकली.

शेवटचा मुक्काम कलकत्ता, १८०१. फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी बंगाली आणि संस्कृत शिकवायला आले आहेत, पुढे मराठीही शिकवतील. चर्चमधल्या एका कारकुनाचा हा मुलगा, धंद्यानं चांभार, तरुणपणी इंग्लंडचं सरकारी चर्च सोडून बाप्टिस्ट, म्हणजे डिसेंटरच, झालेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नाही म्हणून राहतात डेन लोकांच्या श्रीरामपुरात. कॉलेजचा नियम असा की प्राध्यापक इंग्लंडच्या चर्चचाच हवा. म्हणून कॅरी नुसते ‘शिक्षक’, पगार महिना ५०० रुपये. त्या हुद्द्यावर असतानाच त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं केलेला, मोडी अक्षरांतला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये निघाला. त्याआधी, १८०७ मध्ये, कॉलेजनं त्यांना प्राध्यापक केलं आणि पगार दुप्पट झाला. कॅरी अखेरपर्यंत बाप्टिस्टच राहिले.