ताणलेली दोरी, सुटलेला बाण

छायाचित्रकार फेलिचे बिआटो १८६३ साली जपानमधल्या योकोहामाला आला. १८७७ मध्ये त्याने तिथला स्टुडिओ विकला. मधल्या काळात हाताने रंगवलेली त्याची जपानची छायाचित्रे परदेशी पाहुण्यांनी हौसेने विकत नेली. त्यांत धनुर्धारी सामुराईही आहेत. अशी चित्रे आज आपण ‘बाण मारणारा तिरंदाज’ म्हणून पाहतो, आणि जुन्या धनुर्विद्येचा पुरावा म्हणून छापतोही. माझे म्हणणे असे की, त्या काळच्या छायाचित्रांत बाण मारणे जवळजवळ कुठेच नाही. आहे ते केवळ थांबणे. छायाचित्रासाठी कोलोडियन हे द्रावण लावलेली काच ओली असेतोवरच वापरावी लागे आणि स्टुडिओत एक्स्पोजर सहसा सेकंदांत मोजले जाई. उलट दोरी सुटल्यापासून बाण धनुष्य सोडेपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग जातो. तेवढ्यात जे घडते ते त्या काचेवर उमटणे शक्यच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, १८८० च्या सुमारास कोरड्या जिलेटिनच्या काचा बाजारात आल्या, वेगवान शटर आले. मग अडचण कुठे उरली? हिशेब करून पाहावा. सेकंदाला पन्नास मीटर वेगाने निघालेला बाण सेकंदाच्या शंभराव्या भागात अर्धा मीटर पुढे जातो. म्हणजे चित्रात बाणाऐवजी एक पुसट रेघ, किंवा तीही नाही. छायाचित्रकार ताणलेल्या धनुष्यावरच थांबले ते यामुळे. शिवाय ग्राहकालाही तेच रूप हवे होते, हेही खरेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्ण ताण हा बाण मारण्याचाच भाग नव्हे काय? आहे, आणि जपानी पद्धतीत तर फारच. आजच्या क्यूदोत, म्हणजे जपानी धनुर्विद्येत, आठ टप्पे मानतात. सहावा ‘काई’, म्हणजे पूर्ण ताणून स्थिर राहणे. सातवा ‘हानारे’, बाण सुटणे. आठवा ‘झानशिन’, सुटल्यानंतरही तसेच उभे राहणे. सहावा आणि आठवा टप्पा मुळातच निश्चल असल्यामुळे संथ कॅमेऱ्यालाही ते झेपतात. पण या दोहोंच्या मधे काय घडले याची खूण आठव्यात राहते, सहाव्यात नाही. नीट बाण सुटला की धनुष्य डाव्या मुठीत गरकन फिरते आणि दोरी मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन थांबते. दोरी तिथे दिसली तर बाण सुटल्याचा संशय तरी घेता येतो. ताणलेल्या धनुष्याच्या चित्रात तेवढाही आधार नाही. ते धनुष्य किती जड होते, समोर लक्ष्य होते की रंगवलेला पडदा, हेही चित्र सांगत नाही. पोशाख, हातमोजा, मूठ कुठे धरली, बाण कोणत्या बाजूला टेकवला, यांबाबत मात्र त्याची साक्ष मी निःशंक मानेन.

बाण सुटण्याची खुद्द क्रिया दिसली ती अमेरिकेत, १९३० च्या दशकात, आणि ती दाखवली क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या अतिवेगवान चित्रणाने. प्रश्न जुना होता. बाण धनुष्याच्या एका अंगाला टेकलेला असतो. दोरी सरळ पुढे आली तर तो बाजूला फेकला जायला हवा, तरी तो नेमाच्या दिशेनेच जातो. चित्रणात दिसले ते असे: बोटांवरून दोरी किंचित बाजूला घसरते, बाण वाकतो, लवत लवत धनुष्याला वळसा घालतो आणि पुढे गेल्यावरही काही अंतर थरथरत राहतो. वाकणे बाणाच्या ताठरपणावर अवलंबून असल्याने धनुष्याला साजेसा बाण निवडावा लागतो. बाण घडवणाऱ्या कारागिरांच्या हाताला हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. काड्या वाकवून पाहून ते निवड करीत.

हे चित्रणही मुद्दाम मांडलेलेच नव्हे का, अशी शंका निघते. मांडणी होतीच. फरक एवढाच की, तिथे खरा बाण सुटला होता आणि चूक निघायलाही वाव होता: बाण धनुष्याला घासत गेला असता तर तेही दिसले असते. योकोहामाच्या स्टुडिओत तिरंदाजाला चुकण्याची सोयच नव्हती. म्हणून जुन्या चित्रावरून एखाद्या परंपरेची ‘बाण सोडण्याची पद्धत’ ठरवणारा लेख वाचताना मी आधी त्यातली दोरी कुठे आहे ते पाहीन.