साताऱ्याचा विद्यार्थी आणि १९३४ चा खटला

१/ ७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसणारा हा मुलगा पुढे बॅरिस्टर झाला. त्यांनी लढवलेल्या एका खटल्याची आठवण मात्र या दिवशी क्वचितच निघते.

२/ त्या खटल्यातील आरोपी होते र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे पुत्र गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढू लागले. जे घरात विचारता येत नसे आणि वैद्याला सांगता येत नसे, ते वाचक कर्व्यांना पत्राने विचारत. कर्वे उत्तरे छापत.

३/ १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तो या उत्तरांवरूनच. प्रश्न हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीचे होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले.

४/ त्यांचा युक्तिवाद साधा होता. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचे नाही, तर मासिक काढायचेच कशाला? प्रश्नांत विकृती दिसत असेल, तर ती ज्ञानानेच दूर होईल. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला.

५/ खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

६/ त्या काळी जगभरचे वैद्यकशास्त्र समलैंगिकतेला विकार मानत होते. जागतिक आरोग्य संघटनेने ती आजारांच्या यादीतून वगळली १७ मे १९९० रोजी, म्हणजे या खटल्यानंतर ५६ वर्षांनी. भारतात सर्वोच्च न्यायालयाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्याआधी, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला होता.

७/ हक्क कागदावर आला. पण उत्तर देणारा माणूस जवळ असावा लागतो. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्था एचआयव्ही आणि देहविक्रय करणाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करते. तिच्याच सोबतीने पुरुष व पारलिंगी व्यक्तींचा 'मुस्कान' हा समूह उभा राहिला. तेथील सूत्र असे, की ज्याने स्वतः सोसले, तोच दुसऱ्याचा पहिला आधार.

८/ सातारा आणि सांगलीतील बहुसंख्य महाविद्यालये १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. गावाहून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या समलिंगी किंवा पारलिंगी विद्यार्थ्याला दुहेरी धास्ती असते: गप्प राहावे तर मन कुढते, बोलावे तर बातमी घरी पोहोचते. म्हणून समुपदेशकाकडे दोन गोष्टी हव्यात, गुप्तता आणि अचूक ज्ञान. कर्व्यांचे पत्रलेखक याच दोन गोष्टी शोधत होते. आज 'टेली-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावरही बोलता येते.

९/ दंडानंतरही 'समाजस्वास्थ्य' बंद पडले नाही. १९५३ साली निधन होईपर्यंत कर्वे ते चालवत राहिले. साताऱ्याच्या त्या माजी विद्यार्थ्याने हरलेला हा खटला विद्यार्थी दिनी आठवावा असाच आहे. कारण प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, हे त्यांनी तेव्हाच न्यायालयात मांडले होते.