व्हिटबीच्या टेकडीवर एक दिवस

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एस्क नदीच्या मुखाशी व्हिटबी हे जुने मच्छीमार गाव वसले आहे. आमचे फिरते घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, गावाबाहेर उभी करून आम्ही सकाळीच पायी निघालो. धक्क्यावरील होड्या आणि जाळी पाहून वसईच्या पाचूबंदरची आठवण झाली. पुढे १९९ दगडी पायऱ्या चढून आम्ही टेकडीवर पोहोचलो.

तेथे एका भव्य मठाचे भग्नावशेष उभे आहेत. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३९ साली हा मठ बंद झाला. छप्पर कोसळले, उरलेल्या कमानींतून आता आभाळ दिसते. परंतु या टेकडीचा इतिहास त्याहून पुरातन आहे. इ. स. ६५७ मध्ये संत हिल्डाने येथे पहिला मठ स्थापिला. संन्यासी आणि संन्यासिनी, दोघेही तिच्या आज्ञेत राहत.

त्या काळी या राज्यात ईस्टरच्या दोन तिथी पाळल्या जात. राजा ऑस्वी आयरिश परंपरेचा, तर राणी रोमच्या परंपरेची. राजा पुनरुत्थानाचा आनंद साजरा करी, तेव्हा राणीचा उपवासकाळ चालूच असे! हा वाद मिटवण्यासाठी ६६४ साली हिल्डाच्या मठात धर्मसभा भरली. स्वर्गाच्या किल्ल्या पेत्राच्या हाती आहेत, असे म्हणून राजाने रोमच्या बाजूने कौल दिला. आयरिश पक्षाचे महागुरू कोलमन मायदेशी परतले. हिल्डाही त्यांच्याच पक्षाची होती; मात्र तिने निर्णय शिरोधार्य मानला आणि आपले कार्य सुरूच ठेवले.

याच मठात केडमन नावाचा एक निरक्षर गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी आली की तो लाजून उठून जाई. एके रात्री गोठ्यात त्याला स्वप्न पडले आणि त्याच्या मुखातून सृष्टिकर्त्याचे स्तवन उमटले. हिल्डाने त्याला मठात घेतले, त्याला बायबलमधील कथा ऐकवण्यास सांगितले आणि त्याने त्यांची गीते रचली. लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या बोलीत. इंग्रजी काव्याचा नावानिशी ज्ञात असलेला हा आद्य कवी होय.

टेकडी उतरताना फादर थॉमस स्टीफन्स आठवले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत गायली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. रोमशी निष्ठा आणि लोकभाषेवर प्रेम यांत त्यांना विरोध दिसला नाही. हिल्डालाही दिसला नव्हता. आपल्या घरांतून मराठी प्रार्थना मावळत असतील, तर तो दोष श्रद्धेचा नव्हे, आपलाच आहे.

त्या रात्री आमच्या फिरत्या घरात आम्ही रोझरी म्हटली, मराठीतून.