पेढीच्या यंत्राची जोडवीज

गिरणीचा पट्टा तुटला तर माग कांहीं घटका बंद राहतात, इतकेंच. पण पेढीचें गणकयंत्र व्यवहाराच्या मध्यावर बंद पडलें, तर कोणाच्या खात्यांतून रक्कम गेली आणि कोणाच्या खात्यांत पोहोंचली, याचाच घोळ होतो. बाहेरची २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज यंत्रास लागणाऱ्या १२ व्होल्टच्या एकदिश विजेंत पालटणाऱ्या पेटीस पॉवर सप्लाय म्हणतात. तिच्या जोडीचा इतिहास या भयांतून घडला.

इ. स. १९४६ मध्यें फिलाडेल्फिया येथील ‘एनियाक’ हें गणकयंत्र जगापुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नलिका असून त्यास सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. नलिका जळत, यंत्र थांबे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा चाले. शास्त्रज्ञांस हें चालण्यासारखें होतें, पेढीवाल्यांस नव्हतें.

१९७४ सालीं जेम्स ट्रेबिग यांनीं कॅलिफोर्नियांत टँडम कंपनी स्थापिली. तिचें पहिलें ‘नॉनस्टॉप’ यंत्र १९७६ मध्यें सिटीबँकेस मिळालें. त्यांत प्रत्येक प्रोसेसरास स्वतंत्र पॉवर सप्लाय होता, तर जोडउपकरणांच्या नियंत्रकांस दोन पेट्यांतून वीज मिळे. मधील डायोडमुळें बिघडलेली पेटी चांगलीस ओढून नेत नसे. १९९५ सालीं मुंबई शेअरबाजारानें सुरू केलेली ‘बोल्ट’ ही संगणकीय देवघेवही टँडमच्या यंत्रांवर चाले.

पुढें ही युक्ति सामान्य व्यापारी सर्व्हरांत आली. दोन पेट्या शेजारीं बसून भार वांटून घेतात; एक बिघडली तर दुसरी सर्व भार उचलते, आणि यंत्र चालू असतांच बिघडलेली ओढून नवी सरकवितां येते.

धोकाही याच सोयींत आहे. एक पेटी मेली तरी काम थांबत नाहीं, म्हणून कोणाचें लक्ष जात नाहीं. लहानसा इशाऱ्याचा दिवा तेवढा लागून राहतो. उरलेल्या पेटीवर भार पडून ती तापते आणि उष्णतेनें तिच्यांतील कपॅसिटरांचें आयुष्य घटतें. शिवाय दोन्ही पेट्यांच्या वायरी एकाच बोर्डावर लावल्या असतील, तर तो बोर्ड गेला कीं दोन्ही जातात.

म्हणून त्याच जातीची एक सुटी पेटी कपाटांत हवी, आणि निकामी पेटी त्याच दिवशीं बदलावयास हवी. एरवीं पेढी पुन्हा १९४६ च्याच स्थितींत असते. फक्त तिला तें ठाऊक नसतें.